ह्रस्व इकाराचा धडा

इ. स. १९५३ च्या नोव्हेंबर महिन्यात उत्तर प्रदेश शासनाच्या निमंत्रणावरून लखनौ येथे देवनागरी लिपीच्या सुधारणेसाठी एक परिषद भरली होती. तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन हे तिचे अध्यक्ष होते. छापखान्यातील जुळाऱ्याला शेकडो निरनिराळे खिळे हाताळावे लागतात, टंकलेखनयंत्रावर इतकी चिन्हे मावत नाहीत, रोमन लिपीच्या मानाने आपली लिपी यंत्राला जड जाते, अशी तक्रार त्या काळी सर्वत्र ऐकू येत असे. तेव्हा यंत्राच्या सोयीसाठी लिपीत कोणते फेरफार करावेत, हा परिषदेपुढील प्रश्न होता. तिने घेतलेल्या निर्णयांपैकी एक आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. परंतु संगणकाची प्रमाणके, माहितीची सुरक्षितता आणि नागरिकांचे हक्क ह्यांविषयी आज जी चर्चा चालते, ती समजून घेण्यास हा विसरलेला निर्णय फार उपयोगी पडतो.

तो निर्णय ह्रस्व इकाराविषयी होता. ‘वि’ हे अक्षर उच्चारताना आपण प्रथम ‘व्’ म्हणतो आणि मागाहून ‘इ’. लिहिताना मात्र पहिली वेलांटी आधी काढतो आणि ‘व’ नंतर. जोडाक्षर असले तर हा विसंवाद अधिकच वाढतो: ‘स्थिती’ ह्या शब्दात पहिली वेलांटी ‘स्’ आणि ‘थ’ ह्या दोघांनाही ओलांडून डावीकडे जाऊन बसते. उच्चाराचा क्रम तोच लेखनाचा क्रम, हा तर आपल्या लिपीचा अभिमानाचा गुण. मग एवढा एक अपवाद कशासाठी? परिषदेने ठरविले, की पहिली वेलांटीही दुसरीप्रमाणे व्यंजनाच्या उजव्या अंगास द्यावी. फक्त ओळख पटावी म्हणून तिचा दांडा आखूड ठेवावा.

तर्काच्या दृष्टीने ह्या निर्णयात खोट काढणे कठीण होते. उत्तर प्रदेशात तो क्रमिक पुस्तकांतून अमलातही आला. परंतु आखूड दांडा आणि पूर्ण दांडा ह्यांतील भेद छापील पानावर जेमतेम कळे. हाताच्या लिखाणात तो उरेना. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना नवे रूप मानवले नाही, आणि १९५७ साली तो निर्णय मागे घेण्यात आला. पुढे १९६६ साली केंद्रीय हिंदी निदेशालयाने मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली, तीत पहिली वेलांटी पुनश्च आपल्या जुन्या जागी, म्हणजे अक्षराच्या डावीकडे, स्थानापन्न झालेली होती.

सुधारकांचा हेतू उत्तम होता, ह्यात शंका नाही. त्यांच्या आधी लोकमान्य टिळकांनी केसरीच्या छापखान्यासाठी खिळ्यांची संख्या घटविण्याचा उद्योग केला होता. काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली १९३५ नंतर लिपिसुधार समितीने काम केले होते. महाराष्ट्रात सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला होता. ही सर्व मंडळी यंत्रयुगात आपली भाषा मागे पडू नये, ह्या एकाच चिंतेने झटत होती. प्रश्न त्यांच्या हेतूचा नव्हे. प्रश्न असा, की माणूस आणि यंत्र ह्यांचे जमेनासे झाले, तर वाकावयाचे कोणी?

यंत्र वाकले

ह्या प्रश्नाचे उत्तर तीस वर्षांनी मिळाले, आणि तेही लखनौच्या शेजारीच. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देवनागरीसाठी संगणक सिद्ध करण्याचे काम झाले. हेच काम पुढे पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेत वाढले. त्याच विचारधारेतून भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली निघाली, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला प्रमाणक म्हणून मान्यता दिली.

संगणकास अक्षर ठाऊक नसते. त्यास केवळ अंक ठाऊक असतात. म्हणून प्रत्येक अक्षरास एक क्रमांक द्यावा लागतो. ज्या तक्त्यात हे क्रमांक नेमून दिलेले असतात, त्यास संकेतप्रणाली म्हणतात. ‘इस्की’च्या कर्त्यांनी एक साधा परंतु दूरदर्शी विचार केला: स्मृतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवावीत, आणि पडद्यावर ती परंपरेच्या क्रमाने दाखवावीत. साठविणे निराळे आणि दाखविणे निराळे. त्याच १९९१ साली युनिकोड ही सर्व जगाच्या लिप्यांसाठी असलेली प्रणाली प्रसिद्ध झाली. तिने देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ सालच्या आवृत्तीवरून घेतली आणि हा विचारही तिच्याबरोबर स्वीकारला.

युनिकोडमध्ये ‘व’ ह्या अक्षराचा क्रमांक २३५७ आहे आणि पहिल्या वेलांटीचा २३६७. आपण ‘वि’ लिहितो तेव्हा यंत्र प्रथम २३५७ साठविते आणि त्यानंतर २३६७. ते अक्षर पडद्यावर दाखविताना मात्र वेलांटी उचलून डावीकडे आणून बसविण्याचे काम यंत्र स्वतः करते. १९५३ साली जो क्रम सुधारकांना कागदावर हवा होता, तो यंत्राच्या पोटात गेला. आणि वाचकांना जे रूप हवे होते, ते डोळ्यांपुढे राहिले. दोघांचेही समाधान झाले, आणि कोणाही बालकाला नवी वेलांटी शिकावी लागली नाही.

प्रस्तुत लेखक लखनौच्या ज्या गोमती नगरात राहतो, तेथे ह्या वेलांटीचे दर्शन पावलोपावली घडते. गोमती नदीच्या पलीकडे वसविलेल्या ह्या विस्तीर्ण वस्तीचे अनेक भाग ‘वि’ ह्या एकाच अक्षराने ओळखले जातात: विभूति खंड, विपुल खंड, विनय खंड, विशाल खंड, विराम खंड. पाट्या रंगविणाऱ्या कारागिराने आजही वेलांटी आधी काढावी आणि ‘व’ मागाहून, आणि पोस्टाच्या संगणकाने मनातल्या मनात क्रम उलटा मानावा, ह्यात कोणाचीच गैरसोय होत नाही.

एकच अक्षर, दोन लेखने

येथवर वाचून कोणास वाटेल, की प्रश्न तर सुटला; मग आता चर्चा कशाची? दुर्दैवाने तो पूर्णपणे सुटलेला नाही. त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण जुन्या फॉन्टांचे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी संगणकावर देवनागरी उमटविण्यासाठी एक युक्ती योजीत असत. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे चढवावयाची, आणि टंकलेखनयंत्राच्या कळांप्रमाणे ती दाबावयाची. उत्तर भारतातील कचेऱ्यांत ‘कृतिदेव’ हा फॉन्ट ह्याच पद्धतीने रूढ झाला. मराठीत श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा नावांचे फॉन्ट पुष्कळ वर्षे चालले. दुसरा मार्ग नव्हता त्या काळी त्यांनी मोठेच काम केले. परंतु कृतिदेवमध्ये ‘वि’ लिहिले असता यंत्राच्या स्मृतीत ‘एफ’ आणि ‘ओ’ ही दोन रोमन अक्षरे जाऊन बसतात. वेलांटी आधी आणि ‘व’ नंतर. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर उघडला, की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. त्या लेखात ‘विभूति’ हा शब्द शोधू गेल्यास यंत्र सांगते, की असा शब्द येथे नाही. माणसाच्या डोळ्यांस जे मराठी वा हिंदी दिसते, ते यंत्राच्या लेखी कोणतीच भाषा नसते.

दुसरे कारण खास मराठीचे आहे, आणि ते अधिक सूक्ष्म आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्या दोन शब्दांत विद्वान आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे, हे प्रत्येक मराठी माणूस जाणतो. तसेच ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. पहिल्यात ‘र’चा रफार होतो, दुसऱ्यात त्याचे अर्धे, आडवे रूप राहते. हिंदीस ह्या दुसऱ्या रूपाची गरज भासत नाही. मराठीचे त्यावाचून चालत नाही. कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर ही आडनावे त्याच रूपावर उभी आहेत.

हे रूप युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक २३५३, आणि त्यापुढे हलन्ताचे चिन्ह देतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, क्रमांक २३५२, त्यापुढे हलन्त, आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. ह्या जोडचिन्हास रुंदी नसते. ते पडद्यावर उमटत नाही. दोन्ही रीतींनी लिहिलेला ‘कुऱ्हाडे’ डोळ्यांस तंतोतंत सारखा दिसतो. यंत्रास मात्र ही दोन भिन्न नावे होत, कारण त्यांची अंकमाला भिन्न आहे.

‘ॲ’ ह्या अक्षराचीही कथा अशीच. मराठीने इंग्रजी शब्दांसाठी स्वीकारलेले हे अक्षर २००८ साली, युनिकोडच्या ५.१ ह्या आवृत्तीत, २४१८ ह्या क्रमांकावर दाखल झाले. त्यापूर्वी लोक ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र देत असत, आणि काही अद्यापही देतात. म्हणजे ह्याही अक्षराची दोन लेखने प्रचारात आहेत. आणि विसर्गाचा प्रकार तर सर्वांच्याच परिचयाचा आहे. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकण्याची सवय इतकी रुजली आहे, की ती चूक आहे हेच ध्यानात येत नाही. अपूर्णविराम हे विरामचिन्ह असल्यामुळे यंत्र तेथे शब्द तोडते, आणि ‘दु’ व ‘ख’ असे दोन निरर्थक तुकडे हाती येतात.

सुरक्षिततेचा प्रश्न

सारखे दिसणारे परंतु सारखे नसलेले शब्द, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. फसवणुकीचे ते जुने साधन आहे. १९५३ च्या सुमारास सुधारकांनी ‘ख’ हा ‘रव’ असा वाचला जाऊ नये, ‘ध’ व ‘घ’ आणि ‘भ’ व ‘म’ ह्यांचा घोटाळा होऊ नये, म्हणून त्या अक्षरांच्या घडणीत फेर सुचविले होते. त्यांना चिंता होती ती वाचकाच्या चुकीची. आज त्याच साम्याचा लाभ जाणूनबुजून घेणारा मनुष्य समोर उभा असतो. २०१७ साली एका सुरक्षा-संशोधकाने रशियन लिपीतील अक्षरे वापरून ‘ॲपल’ कंपनीच्या पत्त्यासारखाच दिसणारा एक पत्ता नोंदवून दाखविला. त्या वेळच्या काही ब्राउझरांस तो फरक दाखविता आला नाही. संशोधकाचा हेतू सावध करण्याचा होता. ठकाचा तसा नसतो.

हा धोका आपल्या दारापासून दूर नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ‘.भारत’ ही देवनागरी पत्त्यांची व्यवस्था सुरू झाली, आणि आरंभीच्या आठ भाषांत मराठी व कोंकणी ह्यांचा समावेश होता. स्वतःच्या लिपीत पत्ता असणे ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अदृश्य जोडचिन्ह पत्त्यात चालू द्यावे की नाही, ह्यावर तज्ज्ञांनाही मत बदलावे लागले: २००३ च्या नियमांनी ते गाळून टाकले होते, २०१० च्या नियमांनी काही अटींवर त्यास वाट दिली, आणि पत्त्याच्या सर्वांत वरच्या पातळीवर मात्र ते आजही वर्ज्य आहे. ते सरसकट चालू दिले तर सारखे दिसणारे दोन पत्ते संभवतात; सरसकट गाळले तर काही भाषांचे शब्द नीट लिहिता येत नाहीत. सुरक्षितता आणि शुद्धलेखन ह्यांची अशी ओढाताण होते, तेव्हा तोडगा काढणाऱ्यास दोन्हींची जाण असावी लागते.

आणखी एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात २०१८ पासून सातबाराचा उतारा संगणकीय स्वाक्षरीसह मिळू लागला. ही स्वाक्षरी कागदावरील सहीसारखी रूपावर उमटत नाही. ती मजकुराच्या अंकमालेवर केलेल्या गणिताचा परिणाम असते. एक अंक बदलला, तरी ती लागू पडत नाही. ह्यामुळे लबाडी पकडली जाते, हा तिचा मोठा गुण. परंतु ह्याचाच अर्थ असा, की यंत्र दिसण्यावर विश्वास ठेवीत नाही. समजा, एखाद्या कुऱ्हाडे नावाच्या शेतकऱ्याचे आडनाव जमिनीच्या दप्तरात एका रीतीने आणि बँकेच्या दप्तरात दुसऱ्या रीतीने साठविले गेले. दोन्ही कागद त्याने खिडकीपाशी शेजारी शेजारी धरले, तर कारकुनास काहीच भेद दिसणार नाही. आणि तरीही यंत्र म्हणू शकेल, की नावे जुळत नाहीत. हा दोष कोणत्या कार्यालयाकडे जाऊन दाखवावयाचा? जो डोळ्यांना दिसतच नाही, त्याविरुद्ध अर्ज तरी कोणत्या शब्दांत करावयाचा?

हक्काचा प्रश्न

येथे तंत्राची सीमा संपून नागरिकत्वाची सुरू होते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक कार्यालयांवर आपले अभिलेख सूचीबद्ध करून, शक्य तेथे संगणकावर आणून, सुलभ करण्याचे कर्तव्य सोपविले आहे, आणि प्रसिद्धी करताना स्थानिक भाषेचा विचार करण्यास सांगितले आहे. जुन्या फॉन्टात लिहिलेला, अथवा कागदाचे नुसते छायाचित्र म्हणून चढविलेला लेख जालावर असतो, पण शोधता येत नाही. तो प्रसिद्ध झाला असे म्हणावे, तर ज्याला त्याची गरज आहे त्याला तो सापडत नाही.

अंध वाचकाची स्थिती तर ह्याहून बिकट होते. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी आज्ञावली, जिला स्क्रीन रीडर म्हणतात, ती चित्रे पाहत नाही. ती क्रमांक वाचते. युनिकोडमधील मराठी ती मराठीत वाचून दाखवू शकते. जुन्या फॉन्टातील शासकीय परिपत्रक तिच्यापुढे ठेवले, तर ‘एफ, ओ’ असा निरर्थक पाढा ती म्हणू लागते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा माहिती व संपर्काची साधने त्यांना वापरता येतील अशी असावीत, असे सांगतो. फॉन्टाची निवड ही कारकुनाची खासगी आवड नसून कायद्याच्या पालनाचा भाग आहे, हे अद्याप पुरेसे उमगलेले दिसत नाही.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संमत झालेल्या कायद्यात, संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचता यावी, आणि आपल्याविषयीची चुकीची माहिती दुरुस्त करून घेता यावी, अशा दोन्ही तरतुदी आहेत. त्यांचा खरा कस मराठी नावापाशी लागेल. दुरुस्तीचा हक्क कागदावर आहे. परंतु नोंदवहीचे यंत्र ‘ऱ्ह’ स्वीकारीतच नसेल, तर दुरुस्ती करावयाची कशी? अशा वेळी नागरिकाला ‘नाव जरा सोपे करून द्या’ असे सुचविले जाते. ही १९५३ ची आखूड वेलांटीच नव्हे काय? अडचण यंत्राची, आणि फेर मात्र माणसाने सोसावयाचा.

निर्णय कोणी घ्यावा?

युनिकोडचे नियम ठरविणारी संस्था १९९१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोंदली गेली. तिच्या मतदार सभासदांत मोठ्या संगणक-कंपन्यांचा भरणा राहिला आहे. तिच्याविरुद्ध तक्रारीचा सूर लावणे सोपे आहे. परंतु न्यायाने पाहता तिचे दार बंद नाही. कोणीही सामान्य मनुष्य तिच्याकडे प्रस्ताव पाठवू शकतो, आणि ‘ॲ’सारखे अक्षर तक्त्यात दाखल होऊ शकते, हे आपण पाहिलेच. भारत सरकारनेही २००९ च्या नोव्हेंबरमध्ये शासकीय संगणक-व्यवहारासाठी युनिकोड हेच प्रमाणक म्हणून जाहीर केले.

परंतु लखनौच्या परिषदेत आणि ह्या संस्थेत एक मूलभूत भेद आहे. परिषदेचा निर्णय चार वर्षांनी मागे घेता आला. युनिकोडचा तसा घेता येत नाही. १९९६ साली दुसऱ्या आवृत्तीत कोरियन अक्षरांच्या जागा हलविण्यात आल्या. त्या आवृत्तीपासून नियमच झाला, की एकदा दिलेला क्रमांक काढून घ्यावयाचा नाही वा हलवावयाचा नाही. हा नियम योग्यच आहे. आजचा सातबारा शंभर वर्षांनीही वाचता यावयाचा, तर २३५७ म्हणजे ‘व’ हे कायम राहिलेच पाहिजे. मात्र जेथे मागे फिरण्याची वाट नसते, तेथे निघण्यापूर्वीच विचार करावा लागतो. पूर्वी लोक आधी अनुभव घेत आणि मागाहून बोलत. आता आधीच बोलले पाहिजे.

आपला समाज बोलतो, पण पुष्कळदा भलत्याच ठिकाणी. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ फोनच्या पडद्यावर हिंदी वळणाचे दिसतात, म्हणून अनेकांना राग येतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची अक्षररूपे ठरवून दिली आहेत, आणि ती पाळली जावीत ही अपेक्षा रास्त आहे. परंतु ही गोष्ट फॉन्टाने साधावयाची आहे, क्रमांकाने नव्हे. मराठी ‘ल’साठी निराळा क्रमांक मागणे हे अहिताचे ठरेल, कारण मग ‘लखनौ’ हा शब्द दोन प्रकारांनी साठविला जाईल आणि एकाचा शोध घेता दुसरा सापडणार नाही. रूपाचा अभिमान फॉन्टकर्त्याजवळ व्यक्त करावा. ओळखीचा आग्रह प्रमाणक ठरविणाऱ्यांजवळ धरावा.

काही सुजाण माणसे असेही म्हणतात, की हे काम अभियंत्यांचे आहे. फोन चालतो, संदेश जातो, तेवढे पुरे. ह्या मतात तथ्याचा अंश आहे: प्रत्येक नागरिकाने क्रमांकांचे तक्ते पाठ करावेत, अशी कोणाची अपेक्षा नाही. परंतु पूल बांधणे अभियंत्याचे काम असले, तरी तो कोणत्या गावांना जोडावा हे गावकरीच सांगतात. ‘आचारी’ आणि ‘आचार्य’ ह्यांतील भेद कॅलिफोर्नियातील अभियंत्याने ओळखावा, ही अपेक्षा अवास्तव आहे; तो आपण सांगितला नाही, तर दोष त्याचा नव्हे. आणि तो सांगावयाचा, तर प्रथम ही प्रमाणके मराठीत वाचावयास मिळाली पाहिजेत. विज्ञानाचे भाषांतर करणाऱ्यांनी आजवर ग्रह-तारे, रोगजंतू आणि अणू ह्यांकडे लक्ष दिले. ज्या नियमांनी आपले नाव सरकारदरबारी लिहिले जाते, तेही आता भाषांतराच्या कक्षेत यावयास हवेत. जो मसुदा वाचताच येत नाही, त्यावर हरकत घेण्याचा अधिकार हा नाममात्र अधिकार होय.

तेव्हा मागण्या अशा असाव्यात. शासनाचा प्रत्येक नवा लेख युनिकोडमध्ये आणि शोधता येईल अशा स्वरूपात प्रसिद्ध व्हावा. जुन्या फॉन्टांतील दप्तरे ठरावीक मुदतीत रूपांतरित करावीत. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ ह्यांची एकच लेखनरीत अधिकृतपणे ठरवावी, आणि शोध घेताना व नावे ताडून पाहताना दोन्ही रीती एकच मानण्याचे बंधन आज्ञावली बनविणाऱ्यांवर घालावे. विशेषनाम हे ज्याचे त्याने ठरविलेल्या रूपात स्वीकारले जावे. मराठीच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे ‘विभूती’ हे रूप शुद्ध असले, तरी गोमती नगरातील वस्तीचे नाव ‘विभूति खंड’ असेच राहील, आणि यंत्राने ते तसेच लिहून घ्यावे.

ह्या मागण्या कितपत पुऱ्या होत आहेत, हे तपासण्यास प्रयोगशाळा लागत नाही. कोणत्याही कार्यालयाच्या संगणकीय अर्जात ‘कुऱ्हाड’, ‘ॲड’ आणि ‘दुःख’ हे तीन शब्द भरून पाहावेत. नंतर तेच शब्द शोधून पाहावेत. ते जसेच्या तसे लिहिले गेले आणि शोधता सापडले, तर ती व्यवस्था मराठी माणसासाठी केलेली आहे असे समजावे. न सापडल्यास आपला शब्द बदलू नये. तक्रार लिहावी, आणि ती मराठीतच लिहावी. पहिली वेलांटी आज आपल्या जागी आहे, ती लोकांनी नवे रूप मुकाट्याने पत्करले नाही म्हणून.